हंसाची खुशाली

मुर्धा, भाईंदर (प.)
११ डिसेंबर १९८८

कु. पंचशीलाबाई साळवे यांस,
काशीनाथ भोईर याचा नमस्कार.

ओळख पटेल की नाही कोण जाणे, म्हणून आधी ओळख देतो. गेल्या महिन्यात तुमच्या इस्पितळात माझी पत्नी हंसा हिचं छातीचं ऑपरेशन झालं. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. तुम्ही बर्फाचा डबा घेऊन आलात आणि माझ्यापुढे एक कागद धरलात. काढलेल्या गाठीतला एक तुकडा संशोधनासाठी घेऊ का, असं विचारलंत. चौतीस वर्षं मिठागराच्या कचेरीत कारकुनी केलेला माणूस मी, कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. तुमचा मात्र वाचला नाही. तुम्ही मीरा रोडला राहता म्हणालात, म्हणजे शेजारच्याच, एवढ्यावर सही करून टाकली.

हंसा आता घरी आहे. हात वर जात नाही म्हणून चिडते. चिडते म्हणजे बरी आहे, असा माझा हिशोब. तुकड्याची गोष्ट मी तिच्यापासून लपवली होती. काल सांगितली. वाटलं होतं, घर डोक्यावर घेईल. तर म्हणाली, “माजा तुकरा नेलाय, तं ती पोर त्याला खायाला घालतंय का न्हाय, ते ईचार आधी.”

म्हणून हे पत्र. फोन समोरच्या दुकानात आहे, पण तिथून बोललेलं सगळ्या गावाला ऐकू जातं. सवडीनं दोन ओळी लिहाव्यात.

आपला,
काशीनाथ भोईर


मीरा रोड (पू.)
२ जानेवारी १९८९

ती. काशीनाथकाका यांना सप्रेम जयभीम.

‘काका’ म्हटलं, चालेल ना? आणि मला ‘बाई’ म्हणू नका. माझी पीएच.डी. अजून अर्ध्यात आहे, प्रयोगशाळेतला शिपाईसुद्धा मला नावानं हाक मारतो.

हंसाकाकूंना सांगा, खायला घालते. दर तिसऱ्या दिवशी. त्यांच्या गाठीतल्या पेशी मी काचेच्या चपट्या बाटलीत ठेवल्या आहेत. बाटलीत गुलाबी पाणी असतं, तेच त्यांचं जेवण. पाणी पिवळं पडलं की समजायचं, भूक लागली. बाटलीवर नाव लिहायला बंदी आहे, म्हणून ‘एचबी-२७’ लिहिलंय. हंसा भोईर, सत्ताविसावी.

त्यांच्याआधी सव्वीस जणींच्या गाठी मी अशाच आणल्या. एकीच्याही पेशी दोन-तीन महिन्यांपलीकडे जगल्या नाहीत. आमच्याकडे ज्या धडधाकट वाढतात त्या परदेशातून आलेल्या आहेत. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी वारलेली कुणी बाई होती, तिच्या. जगभर सगळे त्यांच्यावरच काम करतात. मला वाटतं, आपल्याकडच्या एखाद्या बाईच्याही असाव्यात, म्हणजे आपल्या बायकांचा रोग आपल्याला कळेल. पण हट्टानं पेशी वाढत नाहीत.

त्या परदेशी बाईच्या पेशी इतक्या दांडग्या आहेत की त्यांचा एक थेंब जरी दुसऱ्या बाटलीत गेला तरी त्या तिथल्या पेशींना खाली बसवून सगळी जागा घेतात. म्हणून प्रत्येकीचं पाणी वेगळं, नळी वेगळी. सोवळं हा शब्द आमच्या घरात कुणाला सहन होत नाही, आणि का होत नाही ते तुम्हाला सांगायला नको. पण या कामाला दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. आईला हे सांगितलं तर ती खो खो हसली.

तेव्हा आशा ठेवू नका, असंच सांगते. काकूंचा हात रोज भिंतीवर बोटांनी चढवायला लावा. त्या चिडल्या तरी.

तुमची,
पंचशीला


मुर्धा
६ मार्च १९८९

चि. पंचशीला हिस आशीर्वाद.

हंसा २७ फेब्रुवारीला गेली. रोग फुप्फुसात उतरला होता. डॉक्टरांनी मला जानेवारीतच सांगितलं होतं, मी तिला सांगितलं नाही. तिला ठाऊक होतं असं आता वाटतं. शेवटच्या आठवड्यात तिनं बोंबलाची बरणी, पापडाचा डबा, सगळं कुठं आहे ते पुतण्याच्या बायकोला, आशाला, दाखवून ठेवलं.

तुझ्याकडचं कसं आहे? तू आशा ठेवू नका लिहिलं होतंस, ते वाचलंय. तरी विचारतो.

काशीनाथ


मीरा रोड
२१ मार्च १९८९

ती. काका,

तुमचं पत्र दहा-बारा दिवस टेबलावर आहे. काय लिहायचं ते सुचत नव्हतं, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. एचबी-२७ मरायला टेकल्या होत्या. बाटलीच्या तळाशी इथं दोन, तिथं चार. तरी मी तिसऱ्या दिवशी पाणी बदलत होते. सर म्हणाले, टाकून दे. मी म्हटलं, थोडं थांबू.

काका, काल सोमवारी बाटली काढली तर पाणी पिवळंधम्मक. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तळ भरलेला. आज त्यातल्या निम्म्या नव्या बाटलीत घातल्या, त्यासुद्धा चिकटल्या. त्या रोज दुपटीनं वाढतायत. सरांना दाखवलं, ते पाच मिनिटं डोळा काढत नव्हते.

तुम्हाला काय आणि कसं वाटेल मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की काकू माझ्याकडे आहेत, आणि जेवतायत.

पंचशीला


मुर्धा
२ एप्रिल १९८९

चि. पंचशीला,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा पोस्टमनसमोर, एकदा खाडीवर जाऊन, आणि एकदा तिच्या खाटेवर बसून मोठ्यानं.

रोज दुप्पट म्हणजे जरा नवलच. हंसानं जन्मात कुठली गोष्ट घाईनं केली नाही. पावशेर जवळा निवडायला तिला सबंध दुपार लागायची, आणि मध्ये कुणी बोलायला आलं तर तो जवळा संध्याकाळपर्यंत सुपातच. बाटलीत गेल्यावर बाई सुधारली म्हणायची.

मी जेवत नव्हतो. आशा ताट ठेवायची आणि तसंच उचलायची. तुझ्या पत्रानंतर जेवू लागलो. तिकडे ती जेवते तर इकडे मी उपाशी का राहू. हे कुणाला सांगितलं नाही, लोक वेडा म्हणतील. तुला सांगतो.

एक मागतो. मोठं पत्र नको, वर्षातून दोन-तीनदा तिची खुशाली कळवत जा.

काशीनाथकाका


पुणे
१४ ऑगस्ट १९९२

ती. काका,

पुण्याला येऊन सहा महिने झाले. आता मी खरी डॉक्टर आहे, स्वतःची दोन खोल्यांची प्रयोगशाळा आहे. एचबी-२७ माझ्याबरोबर आल्या. नायट्रोजनच्या पिंपात गोठवून आणल्या, पिंप सबंध रस्ताभर मांडीशी धरलं होतं. ड्रायव्हर विचारत होता, दूध आहे का.

खुशाली उत्तम. चार देशांतून मागणीपत्रं आली. माझा दुसरा लेख छापून आला, त्यात शेवटी ‘मुर्धा गावच्या एका कुटुंबाचे आभार’ असं मी लिहिलं होतं. संपादकांनी गावाचं नाव काढलं. मी भांडले, पण चाललं नाही.

तुम्ही विचारलं होतं, हंसाच्या पेशींचं मी करते काय. निरोगी पेशी शेजारणीचा हात धरून बसलेल्या असतात, जागच्या हलत नाहीत. कॅन्सरची पेशी एक दिवस हात सोडते आणि रक्ताबरोबर दुसऱ्या गावी जाते, जशी काकूंच्या फुप्फुसात गेली. ती हात कशामुळे सोडते, आणि तिला सोडू द्यायचा नाही असं काही करता येईल का, एवढंच माझं काम. सबंध आयुष्य पुरेल.

आई-बाबांनी मीरा रोडलाच, बेव्हर्ली पार्कजवळ, नवी जागा घेतलीय. तुम्ही पाठवलेले बोंबील आईला पोचले. माझ्यासाठी उरले नाहीत.

पंचशीला


मुर्धा
३० ऑगस्ट १९९२

चि. डॉक्टर पंचशीला,

आता तुला डॉक्टर म्हणायला हरकत नाही.

पुण्याला थंडी असते म्हणतात. तिला थंडी सोसत नसे. बाटल्या उबेच्या पेटीत असतात ते तू मागं लिहिलंस, पण वीज गेली तर? आमच्याकडे परवा चौदा तास नव्हती, तेव्हा तोच विचार येत होता. जनरेटर आहे का ते कळव.

इथं मिठागरं एकेक बुजतायत. जिथं हंसा डोक्यावरून टोपल्या वाहायची तिथं आता चार मजले उभे आहेत. बिल्डरचा माणूस येतो, हिंदीत गोड बोलतो. पुतण्या दशरथ त्याच्याशी बोलतो, मी ऐकतो.

दशरथ मला म्हणतो, काका, तुम्हाला त्या पुण्याच्या पत्राचं वेड लागलंय. मी म्हटलं, लागलंय.

काका


पुणे
५ सप्टेंबर १९९६

ती. काका,

हे पत्र लिहायला मी अकरा दिवस लावले. तुम्ही बसून वाचा. आशावहिनी घरात असताना वाचा.

पेशी कुणाच्या आहेत ते ओळखणारी चाचणी आता आमच्याकडे करता येते. माझी विद्यार्थिनी रसिका प्रयोगशाळेतल्या सगळ्या बाटल्यांची तपासणी करत होती, साधी नोंदीपुरती. ती येऊन म्हणाली, “मॅडम, एचबी आणि त्या परदेशी बाईच्या, दोन्हींच्या पट्ट्या सारख्याच येतायत.” मी म्हटलं, तू गल्लत केलीस. मी स्वतः केली. तीनदा केली. मग पिंपातली सगळ्यात जुनी कुपी काढली, मार्च १९८९ची. तीसुद्धा तशीच.

काका, एचबी-२७ हंसाकाकूंच्या नाहीत. कधीच नव्हत्या. काकूंच्या पेशी फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला, त्या गेल्या त्याच सुमाराला, बाटलीत मेल्या. त्यांच्या जागी वाढल्या त्या दुसऱ्याच बाईच्या. कुठूनतरी एक थेंब गेला. बहुतेक दोघींना एकाच बाटलीतलं पाणी मी घातलं असणार. मी, दुसऱ्या कुणी नाही.

इथवर चूक आहे. पुढचं चुकीपेक्षा वाईट आहे, तेही सांगते. त्या सोमवारी बाटली भरलेली पाहिली तेव्हा मला शंका आली होती. काकूंच्या पेशी लांबट होत्या, या गोल. मरायला टेकलेलं असं एका रात्रीत उठत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मी वहीत तारखेपुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग टेबलावर तुमचं पत्र होतं, ‘तरी विचारतो’ असं लिहिलेलं. मी ते चिन्ह खोडलं आणि तुम्हाला पत्र लिहिलं. वही आजही आहे. खोडलेलं दिसतं.

तुम्ही त्याच उत्तरात लिहिलं होतं की हंसानं घाईनं काही केलं नाही. तुम्ही पेशींबद्दल काही न शिकता बरोबर ओळखलंत. मी हसून सोडून दिलं.

माझे तीन लेख या पेशींवर आहेत, रसिकाचा अर्धा प्रबंध आहे. वरिष्ठ म्हणतात, निम्म्या जगाच्या बाटल्यांत हाच घोळ आहे, कुणी विचारत नाही तोवर गप्प बस, पुढच्या वर्षी तुझी बढती आहे. लेख मागे घेतो असं पत्र मी लिहून ठेवलंय. पण ते टाकण्याआधी तुम्हाला कळायला हवं. परक्या माणसांना आधी आणि तुम्हाला नंतर, असं मला करता येणार नाही.

क्षमा कोणत्या तोंडानं मागू. सात वर्षं मी तुम्हाला खुशाली कळवली.

पंचशीला


पुणे
२४ सप्टेंबर १९९६

ती. काका,

उत्तर नाही. उत्तर देऊच नका, पण बरे आहात एवढं कुणाकडून तरी कळवा. आईला मुर्ध्याला जाऊन ये म्हणाले, ती म्हणते, माणसाला थोडं एकटं राहू दे.

लेख मागे घेण्याचं पत्र काल टाकलं. बढती गेली असं समजा. रसिका दोन दिवस रडली, आता नव्यानं सुरुवात करतेय. मीही करतेय. परवा एका बाईची गाठ आणली, बाटल्या वेगळ्या, पाणी वेगळं, रसिका माझ्यावर पहारा ठेवते.

तुमची आठवण रोज येते.

पंचशीला


मुर्धा
८ ऑक्टोबर १९९६

चि. पंचशीला हिस काकाचा आशीर्वाद, आणि तुमच्या पद्धतीनं जयभीम.

बरा आहे. रागावलो होतो, ते लपवत नाही. तुझं पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि आठ दिवस डब्याला हात लावला नाही. आशा म्हणाली, काका, भाकऱ्या कशाच्या करू. तेव्हा काढलं आणि पुन्हा वाचलं.

आता मीही एक गोष्ट सांगतो, जी तुला कधी लिहिली नाही. हंसा गेल्यावर दहावं-बारावं झालं, ते लोकांनी उरकलं. पण त्यानंतर मी तिचं पान कधी मांडलं नाही. पितृपक्षात आमच्याकडे नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचं पान नवमीला मांडतात, अविधवा नवमी म्हणतात तिला. एखाद्या सवाष्णीला तिच्या नावानं जेवू घालायचं, खणानं ओटी भरायची. तुमच्यात हे नाही, मला ठाऊक आहे. सात वर्षं नवमी यायची आणि मी घराबाहेर निघून जायचो. भावकी तोंडावर बोलली, दशरथ बोलला. त्यांना काय सांगणार? जी दर तिसऱ्या दिवशी पुण्यात जेवते, तिचं पान मेलेल्यांत कसं मांडू? माझ्या लेखी ती गेलीच नव्हती. तुझ्या पत्रानं ती परवा गेली. मला पुन्हा रडावं लागलं, आणि या खेपेला मी नीट रडलो.

तुझा दोष आहे. पण तू ते चिन्ह माझ्यासाठी खोडलंस, आणि त्या वर्षी मी जगलो तो तुझ्या त्या पत्रावर, हेही खरं आहे. मला यातलं एक सांगून दुसरं झाकता येत नाही, म्हणून दोन्ही लिहिलं. लेख मागे घेतलेस ते उत्तम केलंस. तिथं चिन्ह खोडलेलं राहायला नको होतं.

मग माझ्या डोक्यात दुसराच विचार सुरू झाला. हंसा नव्हती, बरं. पण कुणीतरी होतीच ना. वीज गेली की मी जिच्या काळजीनं बसायचो, जिला थंडी लागेल म्हणून तुला पत्र घातलं, ती कुणीतरी बाईच होती. परमुलखातली, चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी मेलेली. तिच्या माणसांनी कागदावर सही केली होती का, त्यांना कुणी विचारलं तरी का? तिचं नाव तुला ठाऊक असेल तर कळव, नसेल तर राहू दे.

या नवमीला मी दोन पानं मांडली. हंसासाठी वालाचं बिरडं आणि तांदळाची खीर. त्या दुसरीला काय आवडायचं ते कोण सांगणार, म्हणून तेच केलं, फक्त तिखट बेतानं घातलं. हंसाच्या नावानं आशा जेवली. दुसऱ्या पानाला सवाष्ण मिळेना. गावात सांगितलं तर म्हणाले, म्हाताऱ्याचं आता पुरतं बिघडलं. शेवटी बस धरून मीरा रोडला गेलो आणि तुझ्या आईला विचारलं. सरोजाबाई आधी तुझ्या बाबांकडे बघून हसल्या. मग म्हणाल्या, “आम्ही हे मानत नाही, भाऊ. पण कुणा बाईच्या नावानं जेवायला बोलवताय, तर येते की.”

त्या आल्या. पाटावर बसल्या, पोटभर जेवल्या, खीर मागून घेतली. मी त्यांची ओटी आशाकडून भरवली. माझ्या घरात तुमच्या घरचं माणूस पाटावर बसलं, भावकीनं दारातून पाहिलं, आणि कुणी काही बोललं नाही.

दशरथ तेवढा न राहवून बोलला. म्हणाला, काका, नवमीचं पान नवरा मागं असेल तिचंच मांडतात. या बाईच्या मागं कोण होतं, कोण नव्हतं, तुम्हाला काय ठाऊक?

मी त्याला म्हणालो, “सात वर्षं हिची खुशाली मी विचारली. हिच्या मागं माणूस होता, असं धरून चाल.”

तुझा,
काशीनाथकाका